आमचे आजोबा: आयुष्यभर झील धरलेला माणूस

परळचा_नातू

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा नव्वदी ओलांडून वारले. शेवटच्या काही दिवसांपर्यंत ते स्वतःच्या हाताने जेवत आणि स्वतःच्या पायांनी देवळात जात. दिवसकार्य उरकले, पाहुणे परतले आणि आता त्यांची पत्र्याची ट्रंक घरात सर्वांसमोर उघडी पडली आहे. तिच्यात भजनाच्या वह्या, टाळांची एक जोडी आणि काही कॅसेट आहेत. त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे आणि या वह्या-कॅसेटचे काय करावे हेही जाणकारांना विचारावे, अशा दोन्ही हेतूंनी हा धागा काढत आहे.

आधीच स्पष्ट करतो की आजोबा बुवा नव्हते. भजनातल्या माणसाविषयी कुणी लिहू लागले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेटीवर बोटे फिरवणारा, फेटा बांधलेला, पल्लेदार आवाजाचा गायक उभा राहतो. आमचे आजोबा त्याच्या मागच्या रांगेत, डाव्या हाताला, पखवाजाला लागून बसायचे. बुवांनी ओळ म्हटली की ती सर्वांनी मिळून उचलायची, बुवा आलापात रमले की त्यांची परत येण्याची जागा मोकळी ठेवायची आणि ते समेवर आले की पुन्हा ओळ त्यांच्या पायाखाली सरकवायची, एवढेच त्यांचे काम होते. यालाच झील धरणे म्हणतात. हे काम त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ केले आणि या काळात एकदाही पेटीमागे बसण्याची इच्छा बोलून दाखवली नाही. मी लहानपणी त्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "बुवा वर गेलो काय खालचा आपण सांभाळूक होया." त्यांना यात काही त्याग वगैरे वाटत नसे. गिरणीत एकाने साचा म्हणजे माग चालवावा आणि दुसऱ्याने बॉबिन भरावी, इतकी ती साधी वाटणी होती.

मूळ गाव कणकवलीच्या बाजूचे. स्वातंत्र्याच्या आधी दोन-तीन वर्षे, मिसरूडही फुटलेले नसताना, विजयदुर्गहून बोटीने ते भाऊच्या धक्क्यावर उतरले. गावच्या मंडळींची परळला एक खोली होती. तिच्यात पाळीपाळीने झोपणारी इतकी माणसे होती की एकजण उठला की त्याच्या उबदार जागेवर दुसरा आडवा होई. त्याच खोलीत गावच्या भजनी मंडळाची पेटी एका खुंटीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. पोटासाठी मुंबई आणि मनासाठी ती पेटी, असा त्या पिढीतल्या पुष्कळ चाकरमान्यांचा हिशेब होता. काही काळ बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहिल्यावर त्यांना साचे खात्यात कायमची नोकरी लागली.

गिरण्यांच्या पाळ्या सकाळी 7 ते दुपारी 3:30, दुपारी 3:30 ते मध्यरात्र आणि मध्यरात्र ते सकाळी 7 अशा चालत, त्यामुळे मंडळातली सगळी माणसे एका वेळी कधीच मोकळी नसत. शनिवारचे भजन रात्री नऊला पहिल्या पाळीच्या माणसांवर सुरू होई, साडेबाराच्या सुमारास दुसऱ्या पाळीचे लोक डोक्यावरचा कापूस झटकत येऊन बसत आणि खरे भजन तिथून रंगे. स्तवन, रूपावली, अभंग, गौळण आणि शेवटी गजर हा क्रम ठरलेला होता. गजर सुरू झाला की चाळीची गॅलरी हलते आहे असा आम्हा मुलांना भास व्हायचा, आणि त्या जुन्या लाकडी चाळीत तो निव्वळ भास होता असेही मला खात्रीने म्हणवत नाही.

साचे खात्याने त्यांना पगार दिला आणि कान घेतले. ज्यांनी चालू साचे खाते ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शेकडो साच्यांचे धोटे एकाच वेळी आपटत असताना शेजारच्या माणसाशीही तोंडाच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनीच बोलावे लागते. पन्नाशी येईपर्यंत आजोबांना बारीक आवाज ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. तरीही त्यांची झील कधी मागेपुढे झाली नाही, आणि याचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले. ते पखवाजाला लागून बसत ते मांडीला ठेका जाणवावा म्हणून. डाव्या पुडीला कणीक थापलेली असते, तिचा घुमारा जमिनीतून आणि लाकडातून अंगात येतो आणि तेवढा त्यांना पुरत असे. शब्द ते बुवांच्या ओठांवरून घेत. ज्या गिरणीने कान नेले तिनेच ओठ वाचायला शिकवले, असे ते हसत सांगायचे. मला मात्र ते ऐकून कधी हसू आले नाही.

श्रद्धेच्या बाबतीत ते दोन घरचे पाहुणे होते. गावचा रवळनाथ आणि त्याच्यापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे यांवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच विठ्ठलावर. चाळिशीच्या आसपास त्यांनी पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातली. मालवणी घरात कर्त्या पुरुषाने माळ घालणे म्हणजे काय अनर्थ असतो, हे फक्त मालवणी माणसालाच कळेल. मासे सुटले. आजीने स्वच्छ सांगितले की माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या चुलीच्या गळ्यात नाही. त्या दिवसापासून घरात दोन तवे झाले, आणि बांगडा भाजला जात असताना आजोबा गॅलरीत जाऊन हरिपाठ म्हणू लागले. दोघांनीही आपापला हट्ट अखेरपर्यंत सोडला नाही, पण यावरून त्यांच्यात भांडण झालेले आम्ही पाहिले नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर आजोबाही घरी बसले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मंडळातली बरीच माणसे गावी गेली आणि काही परतलीच नाहीत. बुवा गेले, पखवाजवालाही गेला. आजोबा एका इमारतीत रखवालदार झाले. त्या काळाविषयी ते फारसे बोलत नसत. सांगायचे ते एवढेच, की मंडळाची पेटी विकायची वेळ आली असता उरलेल्यांनी वर्गणी काढून ती सोडवली.

आता वह्यांविषयी. मला वाटले होते की त्यांत अभंग लिहिलेले असतील. प्रत्यक्षात पूर्ण अभंग क्वचितच आहे. ध्रुपदाचे, म्हणजे पुन्हा पुन्हा घ्यायच्या ओळीचे, चार शब्द आणि त्यापुढे पेन्सिलीने खुणा आहेत: "इथे बुवा दोनदा घेतात", "दम राखणे", "पखवाज थांबल्यावर उचल", "घाई करू नये". एका पानावर नुसतेच "काळी पाच, आपल्याला जड" (काळी पाच म्हणजे पेटीवरची एक उंच पट्टी) असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. पूर्ण भजन यातून उभे राहू शकत नाही, कारण बुवांचा भाग बुवांबरोबर गेला. उरलेली ही अर्धी बाजू कुणाच्या कामाची आहे का, हा माझा खरा प्रश्न आहे.

---

तांबडी_माती

अतिशय मनापासून लिहिले आहे. आजोबांना नमस्कार.

एक गोष्ट आपल्या लक्षात आली आहे का, ठाऊक नाही. आपल्याकडे गाऱ्हाणे घालताना एकजण देवासमोर सर्वांच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे "होय महाराजा" म्हणतात. ते "होय महाराजा" नसेल तर गाऱ्हाणे पोचत नाही अशी समजूत आहे. तुमच्या आजोबांना बुवा होण्याची इच्छा का झाली नसावी, याचे उत्तर कदाचित तिथे असेल. लहानपणापासून ज्याने देवाशी बोलणे हे असे एकाने पुढे आणि सर्वांनी मागे मिळून करायचे काम म्हणून पाहिले, त्याला मागे बसणे कमीपणाचे का वाटावे?

गणपतीत गावी घरोघर भजन फिरते तेव्हाही मी हेच पाहिले आहे. बुवा बदलतात, एका रात्रीत दोन-तीन बुवा होतात. पण झीलकरी तेच असतात, आणि शेवटच्या घरी काळ्या वाटाण्याच्या उसळीवर पहिला हातही त्यांचाच पडतो.

---

सुरांचा_हट्टी

लेख आवडला, तरी एक मतभेद नोंदवतो. मुंबईतल्या भजनी मंडळांविषयी आपण फार हळवेपणाने बोलतो. मी लालबागला वाढलो आणि डबलबाऱ्याही भरपूर ऐकल्या. दोन बुवा समोरासमोर बसणार, एकाने गजरातून पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर देता देता टोमणा मारायचा आणि मधूनच ताज्या सिनेमाच्या चालीवर अभंग बसवून टाळ्या घ्यायच्या. परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट काढून हे ऐकायला गर्दी व्हायची. करमणूक म्हणून ते उत्तम होते, परंतु त्याला भक्ती म्हणणे मला जड जाते. आपल्या आजोबांचे यावर काय मत होते?

---

परळचा_नातू

@तांबडी_माती, गाऱ्हाण्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. त्यांना विचारायला हवा होता असा हा प्रश्न आहे.

@सुरांचा_हट्टी, आजोबा डबलबारीला आवडीने जात आणि त्यांच्या मंडळाने दामोदरमध्ये बारी केलीही होती. सिनेमाच्या चालींविषयी त्यांचे मत ऐकून आपणास आश्चर्य वाटेल. त्यांचे म्हणणे असे की चाल ही गाडी आहे, तिच्यात कोण बसले आहे ते पाहावे. मात्र एक अट ते घालत. ज्या चालीत झीलकऱ्यांना श्वास घ्यायला जागा नाही, ती चाल भजनाला चालणार नाही. वहीत अशा काही चालींपुढे त्यांनी फुली मारलेली आहे. म्हणजे त्यांची कसोटी सोवळ्याओवळ्याची नव्हती, ती फुप्फुसांची होती. आणि मला ती पुष्कळ शुद्धतावादी मतांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. दहा माणसांना एकत्र म्हणता येत नाही ते गाणे कितीही चांगले असले तरी ते एकट्याचे गाणे आहे, इतके तरी त्यातून निघते.

टोमणे त्यांनाही आवडत नसत. दामोदर 1922 सालापासून कामगारांच्या वस्तीत उभे होते आणि तिथे गिरणीतला माणूस रंगमंचावर चढू शकत असे, याचे मात्र त्यांना फार अप्रूप होते. 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

---

साचेवाल्याची_लेक

माझे वडीलही साचे खात्यातच होते. ओठांवरून शब्द घेणे, घरात मोठ्याने बोलणे, रेडिओचा आवाज शेजारच्यांनी भिंत ठोकेपर्यंत वाढवणे, हे सारे आमच्याही घरात झाले. आम्ही मुले त्यांना "ओरडू नका" म्हणायचो. ते ओरडत नव्हते, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, हे कळायला आमचे शिक्षण पूर्ण व्हावे लागले.

परंतु मला आजींविषयी विचारायचे आहे. आजोबा दर शनिवारी रात्रभर भजनात असत, तेव्हा त्या काय करत? भजनात स्त्रिया कुठे बसत? दोन तव्यांचा किस्सा वाचून हसले, पण नंतर वाटले की दुसरा तवाही त्यांनाच घासावा लागत असणार.

---

परळचा_नातू

@साचेवाल्याची_लेक, हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही.

आजी खाणावळ चालवत असे. घरच्या माणसांशिवाय गावाकडची आठ-दहा माणसे महिन्याच्या बोलीवर तिच्याकडे जेवत. पहाटे चारला चूल पेटे, कारण पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे सहाच्या आत तयार व्हावे लागत. शनिवारच्या रात्री भजनाला येणाऱ्यांचा चहा तीच करी, आणि रविवारची पहाट तिच्यासाठी इतर दिवसांसारखीच असे. बायका आतल्या खोलीत किंवा गॅलरीच्या टोकाला बसत. पेटीजवळ बसण्याची पद्धत नव्हती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी, आणि आजीच्या तोंडी त्यांचे नाव आदराने येत असे. संपाच्या काळात जेवणाऱ्यांकडेच पैसे नसल्याने तिची खाणावळ अगदी मोडकळीस आली, तरी तिने कुणाचे ताट बंद केले नाही. ती उधारी पुढे कधी वसूल झाली असेल असे मला वाटत नाही.

तिला सगळे अभंग पाठ होते. आजोबा एखादा शब्द विसरले तर ती स्वयंपाकघरातून तो फेकत असे, आणि तोही असा खणखणीत की त्यांच्या कानांनाही पोचावा. तिची तक्रार होती का? होती. "यांचा विठ्ठल शनिवारी जागता आणि माका रविवारी उठवता," असे ती म्हणायची. आजोबांच्या दीर्घायुष्याचे श्रेय नातेवाईक माळेला आणि शाकाहाराला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा आजीच्या पहाटेच्या चुलीकडे जातो, आणि हे मी दिवसांच्या वेळी बोललो तेव्हा एका काकांना ते रुचले नव्हते.

---

वडाळा_पूर्व

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर जी रांग लागते, तिच्यात दरवर्षी टाळ घेऊन येणारे एक उंच, कानाला हात लावून ऐकणारे वृद्ध गृहस्थ असत. कदाचित ते आपले आजोबा नसतीलही. ते रांगेत कुणी अभंग सुरू केला की अनोळखी माणसाच्या मागेही लगेच झील धरत. आमच्या भागात त्यांना सगळे ओळखत, पण नाव कुणालाच माहीत नव्हते.

---

परळचा_नातू

@वडाळा_पूर्व, उंच होते आणि कानाला हात लावत, एवढे जुळते. पण असे म्हातारे गिरणगावात पुष्कळ होते. ते वडाळ्याला दरवर्षी जात हे मात्र खरे. पंढरपूरला जाणे झेपेनासे झाल्यावर वडाळाच त्यांचे पंढरपूर झाले.

---

जुनी_कॅसेट

वह्या आणि कॅसेटविषयी थोडे सांगतो, कारण हे काम मी काही घरांसाठी केले आहे.

वह्यांना कृपया लॅमिनेशन करू नका. कागद आत कोंडला की मुंबईच्या दमट हवेत तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि नंतर सोडवता येत नाही. पेन्सिलीचे लिखाण शाईपेक्षा टिकाऊ असते, ते ओल्याने फुटत नाही, ही तुमच्यासाठी चांगली बाब आहे. मात्र ते घासले जाते, म्हणून पाने एकमेकांवर सरकू देऊ नका. पिना गंजल्या असतील तर आधी त्या काढा. पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत, खिडकीच्या उजेडात सपाट धरून प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. कोरी वाटणारी पानेही सोडू नका, कारण त्यांवर दाबलेल्या खुणा असतात आणि त्या तिरप्या उजेडात दिसतात. कसर लागली असेल तर वह्या इतर पुस्तकांपासून वेगळ्या ठेवा.

कॅसेट थेट वाजवू नका. आधी झाकणाच्या खिडकीतून पाहा. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती यंत्रात घालायचीच नाही, कारण एक बुरशीची कॅसेट यंत्र खराब करते आणि ते यंत्र पुढच्या सगळ्या कॅसेट खराब करते. फीत स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून मगच ऐका, आणि पहिल्याच वेळी ध्वनिमुद्रण संगणकावर घ्या.

आणि "अर्धी बाजू कामाची आहे का" याविषयी: कॅसेटमध्ये बुवांचा आवाज असेल तर तुमच्याकडे दोन्ही बाजू आहेत. वहीतल्या खुणा कॅसेटशी ताडून पाहा.

---

परळचा_नातू

@जुनी_कॅसेट, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. लॅमिनेशनचा विचार खरोखरच घरात चालला होता, तो थांबवला आहे.

कॅसेटपैकी एक स्वच्छ निघाली आणि सांगितल्याप्रमाणे फिरवून आम्ही ती काल ऐकली. गल्लीतल्या उत्सवाचे भजन आहे. सुरुवातीला फक्त बुवा आणि पेटी ऐकू येतात, कारण ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे होता. मागची माणसे जवळजवळ नाहीतच. यावरून आजोबांची एक सवय आठवली. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागू लागले, तेव्हा मंडळातले सगळे चिडले होते. आजोबा एकटे खूश होते. दहाच्या ठोक्याला माईक बंद झाला की ते सरसावून बसत आणि म्हणत, आता भजन सुरू झाले. या मुद्रणातही शेवटी माईक बंद केल्याचा खटका ऐकू येतो. कॅसेटचे यंत्र जवळच कुठेतरी ठेवलेले असावे, कारण त्यानंतर बुवांचा आवाज लांब जातो आणि मागच्या रांगेतले सगळे आवाज एकदम जवळ येतात. त्यांतला आजोबांचा कोणता, हे आम्हा कुणालाच ओळखता आले नाही. काकांचे एक मत, वडिलांचे दुसरे.

---

सुरांचा_हट्टी

माझा आधीचा सूर थोडा चढा लागला होता. श्वासाची कसोटी मला पटली आहे, सिनेमाच्या चाली अजूनही पटलेल्या नाहीत.

एक सूचना. आमच्या इमारतीतल्या तरुण मुलांचे मंडळ आहे. त्यांच्याकडे कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, गळेही चांगले आहेत. परंतु सगळ्यांनाच बुवा व्हायचे आहे आणि मागे बसायला कुणी तयार नाही. वहीतली काही पाने आणि त्या कॅसेटचा शेवटचा भाग त्यांना ऐकवता येईल का? नुसते आदराने ऐकण्यासाठी नको, बसवण्यासाठी हवे आहे. पखवाज मी मिळवतो.

---

परळचा_नातू

अवश्य. पण पहिल्या बैठकीला काळी पाच घेऊ नका. वहीत दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. पांढरी चारपासून सुरू करू आणि वडिलांना सोबत घेऊन येतो, त्यांना अजून दोन गजरांची झील येते. रविवारी संध्याकाळी सहा चालेल का, तेवढे कळवा.